अंबरमधले कीटक आणि वनस्पती ओळखताना: नाव शेवटी, आधी काय

अंबर म्हणजे झाडाची लाखो-कोटी वर्षं जुनी, दगडासारखी घट्ट झालेली राळ. तिच्यात 'डास' म्हणून दाखवला जाणारा कीटक बहुतेक वेळा डास नसतो. 'शेवाळ' म्हणून मिरवणारी नक्षी कित्येकदा वनस्पतीच नसते आणि 'बी' म्हणून जपलेला दाणा वाळवीची विष्ठा निघू शकतो. बघणाऱ्याची नजर कच्ची असते म्हणून हे होतं असं नाही. तुकडा हातात आल्याबरोबर फोटो काढायचा, तसंच दिसणारं चित्र शोधायचं आणि नाव ठरवून टाकायचं, या उलट्या क्रमामुळे अशा चुका होतात. खालचा क्रम पाळला तर थोडा वेळ जास्त जाईल, पण दिलेलं नाव नंतर मागे घ्यावं लागणार नाही.

## तयारी

१० पट मोठं दाखवणारं भिंग लागेलच, पण पंखांच्या शिरा आणि केस बघायचे तर १० ते ४० पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप हवा. प्रकाश दोन बाजूंनी घ्या: एक खालून आरपार येणारा, दुसरा बाजूने तिरपा. दोन्ही दिवे एलईडीच असू द्या. जुने हॅलोजन दिवे इतके तापतात की अंबरला तडे जातात. याखेरीज काळा आणि पांढरा कागद, ग्लिसरीन, काचेच्या पातळ कव्हरस्लिप, मऊ ब्रश, मिलिमीटरची पट्टी, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि वॉटर पेपर (४००, ८००, १२००, २००० नंबरचे) जवळ ठेवा. वही आणि पेन्सिल तर हवीच. मोबाइल मात्र पहिल्या काही टप्प्यांपर्यंत बाजूला राहिलेलाच बरा.

सावधान: अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, परफ्यूम किंवा काच पुसायचा स्प्रे यांनी अंबर पुसू नका (टप्पा २ मधली अ‍ॅसिटोनच्या एका थेंबाची चाचणी वेगळी). कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे.

## टप्पा १: तुकडा कुठला, ते आधी लिहा

आत काय असू शकतं याची यादी तुकडा कुठून आला यावर ठरते. बाल्टिक अंबर इओसीन काळातलं, म्हणजे साधारण साडेतीन ते पाच कोटी वर्षांपूर्वीचं. डोमिनिकन अंबर मायोसीनमधलं, साधारण दीड ते दोन कोटी वर्षांचं. म्यानमारच्या काचिन भागातलं सुमारे ९.९ कोटी वर्षांचं, म्हणजे थेट क्रिटेशियस काळातलं. गुजरातच्या खंबात खोऱ्यातल्या लिग्नाइटच्या खाणींत सापडणारं अंबर पाच कोटी वर्षांहून जुनं आहे. मादागास्कर आणि कोलंबियातून 'अंबर' म्हणून येणारा बराचसा माल म्हणजे कोपल, पुरती न पिकलेली तरुण राळ.

ठिकाणाबरोबर वजन, मोजमाप, कोणाकडून मिळालं आणि शक्य असेल तर खाणीतून कधी निघालं, हेही लिहा. काचिनच्या अंबरबाबत हे वर्ष फार महत्त्वाचं आहे. तिथल्या खाणींभोवतीच्या लष्करी संघर्षामुळे सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टोलॉजी या जीवाश्म-अभ्यासकांच्या संस्थेने २०२० मध्ये संशोधन नियतकालिकांना विनंती केली होती की २०१७ च्या मध्यानंतर बाहेर आलेल्या नमुन्यांवरचे लेख छापू नयेत.

पडताळा: ठिकाण ठाऊक नसेल तर 'बाल्टिक असावं' असं लिहू नका. 'ठिकाण अज्ञात' असं लिहा. पुढे आतल्या खुणांवरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज म्हणूनच नोंदवायचा.

## टप्पा २: अंबर खरं आहे का?

एकच चाचणी करून निकाल लावणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. निदान तीन गोष्टी एकत्र बघा.

मिठाचं पाणी. १०० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. अंबरची घनता साधारण १.०५ ते १.१० असते, त्यामुळे ते या पाण्यावर तरंगतं. अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर राळ, बेकेलाइट आणि काच बुडतात. पण पॉलिस्टायरीन आणि कोपलही तरंगतात. म्हणजे बुडालं तर संशय घ्यायचा, तरंगलं तर एवढंच म्हणायचं की पुढची चाचणी करायला हरकत नाही. धातूचं कोंदण, दोरा किंवा आत भरपूर पायराइट (लोह आणि गंधकाचं जड खनिज) असेल तर ही चाचणी फसते. तडे गेलेला तुकडा मिठात घालूच नका, कारण पाणी सुकल्यावर तड्यांत मिठाचे स्फटिक उरतात.

अतिनील प्रकाश. अंधारात बघा. अंबर बहुधा निळसर किंवा हिरवट चमकतं. पण इथे रंगापेक्षा एकसारखेपणा तपासायचा आहे. तुकड्यातून एखादी सरळ रेघ किंवा पातळ थर वेगळा चमकत असेल तर तिथे दोन तुकडे चिकटवलेले असू शकतात.

अ‍ॅसिटोन. अवशेषापासून दूरच्या कोपऱ्यात एक थेंब टाका, काही सेकंदांनी पुसा. कोपल चिकट होतं, बाल्टिक अंबर होत नाही. याला एक मोठा अपवाद आहे. खंबातचं अंबर अस्सल आणि जुनं असूनही सेंद्रिय द्रावकांत विरघळतं. संशोधकांनी याच गुणाचा फायदा घेऊन त्यातून अख्खे कीटक बाहेर काढले आहेत. म्हणून 'चिकट झालं म्हणजे कोपल' हा नियम ठिकाण माहीत असल्याशिवाय लावता येत नाही.

गरम सुई टोचण्याची चाचणी अजूनही सर्रास सुचवली जाते. ती करू नका. कोपलचा वासही राळेसारखाच येतो, त्यामुळे हाती काहीच लागत नाही आणि तुकड्यावर डाग मात्र कायमचा राहतो.

अंबर खरं आणि आतला कीटक नंतर घातलेला, असंही घडतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधली फॅनिया स्कॅलॅरिस ही माशी कित्येक दशकं बाल्टिक अंबरमधली अस्सल माशी मानली जात होती. १९९३ मध्ये जीवाश्म-अभ्यासक अँड्र्यू रॉस ती तपासत असताना दिव्याच्या उष्णतेने तुकड्यावर एक तडा उमटला आणि बनाव उघड झाला. कोणीतरी अंबर चिरून, अर्धा भाग पोखरून त्यात आजची माशी बसवली होती आणि दोन्ही भाग पुन्हा जोडले होते. ही जात आजही जिवंत आहे. खरं तर शंका यायला तेवढंच पुरेसं होतं.

पडताळा: कीटक तुकड्याच्या बरोबर मध्यभागी आहे, पाय छान पसरलेले आहेत, आकार मोठा आहे आणि भोवती राळेच्या प्रवाहाच्या रेषा नाहीत, असं असेल तर जोडाची रेघ आणि एकाच पातळीत पसरलेले बुडबुडे शोधा. खऱ्या अवशेषात पाय तुटलेले, पंख मुडपलेले आणि अंग वेडंवाकडं असण्याची शक्यता जास्त.

## टप्पा ३: दिसतंय ते सजीवाचं आहे का?

इथे पाच मिनिटं घालवली तर पुढचे तास वाचतात. नेहमी फसवणाऱ्या गोष्टी या:

- चकचकीत गोल चकत्या. अंबर तापवल्यावर आत ताणाचे तडे पडतात, त्या या चकत्या. व्यापारी त्या मुद्दाम पाडतात. लोक त्यांना माशाचे खवले किंवा पानं समजतात.
- फांद्याफांद्यांची काळी नक्षी. तड्याच्या पातळीत पसरलेलं खनिज. तुकडा फिरवा. नक्षी एकाच सपाट पातळीत राहिली तर ते शेवाळ नाही.
- बारीक बुडबुड्यांच्या माळा. अंडी म्हणून नोंदवल्या जातात. बुडबुड्याची कडा आरपार प्रकाशात जाड आणि काळी दिसते, आणि आत काहीही नसतं.
- दुधी पांढरा थर. बाल्टिक अंबरमध्ये कीटकाच्या एका बाजूला हा नेहमी दिसतो. कुजताना सुटलेल्या वायू आणि द्रवांमुळे झालेले सूक्ष्म बुडबुडे ते. ही बुरशी नाही. दुसऱ्या बाजूने बघा, ती बाजू बऱ्याचदा स्वच्छ असते.

## टप्पा ४: बघायला खिडकी तयार करणं

गोलसर पृष्ठभागातून बघाल तर पाय जाड आणि डोकं मोठं दिसतं. अवशेषाला समांतर असा एक सपाट, पॉलिश केलेला पृष्ठभाग हवाच. मोजमाप फक्त त्यातूनच घ्यायचं.

आधी घासण्याशिवाय भागतंय का ते बघा. पृष्ठभागावर ग्लिसरीनचा थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवली की ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात. बऱ्याच तुकड्यांना एवढं पुरतं.

घासावंच लागलं तर हा क्रम ठेवा:

१. मार्करने घासायची पातळी आखा.
२. ४०० नंबरचा वॉटर पेपर काचेवर पसरा, पाणी घाला आणि तुकडा हलक्या हाताने घासा.
३. पेपर बदलताना तुकडा धुवा आणि घासायची दिशा काटकोनात फिरवा. आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते असंच कळतं.
४. ८००, १२००, २००० असं जात शेवटी ओल्या कापडावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पेस्टने चमक आणा.
५. दर थोड्या वेळाने भिंगातून बघा. अवशेषापर्यंत एक-दोन मिलिमीटर उरले की थांबा.

अवशेष दिसतो त्याहून खोल असतो. अंबरचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) साधारण १.५४ आहे, त्यामुळे मायक्रोस्कोपने वरून मोजलेली खोली दीडपट केली की खरी खोली मिळते. २ मिमी वाटलं तर प्रत्यक्षात जवळपास ३ मिमी.

सावधान: कोरडं घासू नका, मोटरचं चाक वापरू नका. राळेचा वास येऊ लागला म्हणजे तुकडा तापला, लगेच थांबा. एखादी शृंगिका (कीटकाच्या डोक्यावरची मिशी) किंवा पंख पृष्ठभागापर्यंत आला असेल तर त्या बाजूला हातच लावायचा नाही.

## टप्पा ५: आधी चित्र, मग फोटो

वरून, खालून आणि बाजूने, जमतील तितक्या कोनांतून बघा. शिरांसाठी खालचा प्रकाश, केस आणि खाचांसाठी तिरपा प्रकाश. पांढऱ्या कागदावर हरवणारे फिकट पंख काळ्यावर उठून दिसतात.

मग पेन्सिलने चित्र काढा. जे स्पष्ट दिसतंय त्याला सलग रेघ, अंदाजाने जोडलेल्याला तुटक रेघ. चित्र सुबक नसलं तरी चालेल. त्याचं काम एवढंच की शृंगिकेचे किती भाग खरंच मोजले आणि किती गृहीत धरले, हे तुम्हाला कागदावर कबूल करावं लागतं. फोटोत ही सोय नाही.

## टप्पा ६: पाय मोजा

तीन जोड्या असतील तर कीटक. चार जोड्या असतील तर कोळी आणि त्यांचे भाऊबंद. त्याहून बऱ्याच जास्त असतील तर गोम, वाणी. हे शाळेत शिकलेलंच, पण अंबरमध्ये पाय तुटतात. म्हणून पाय मोजण्यापेक्षा ते छातीला जिथे जोडलेले असतात ती बुंधं मोजा.

इथले सापळे: कोळ्याच्या तोंडाजवळचे दोन अवयव पायांची पाचवी जोडी वाटतात. कीटकाच्या शृंगिका पुढे ताठ असतील तर त्याही पायांत धरल्या जातात. कोळीकिडीच्या पिल्लाला सहाच पाय असतात, पण त्याला वेगळं डोकं आणि शृंगिका नसतात, तेवढ्यावरून ते ओळखू येतं. कोळ्याच्या अंगाच्या दोन भागांमध्ये बारीक कंबर असते. लांब पायांच्या हार्वेस्टमनला ती नसते. नांग्या आहेत पण शेपूट नाही, तर तो विंचवाचं पिल्लू नसून छद्मविंचू आहे.

## टप्पा ७: पंखांवरून गण ठरवा

गण म्हणजे कीटकांचा मोठा गट, त्याच्या पोटात कुळं येतात. अंबरमध्ये सर्वांत जास्त भेटतो तो माशी-डासांचा गण, म्हणून तिथूनच सुरुवात करावी.

पंखांची एकच जोडी आणि मागच्या पंखांच्या जागी दांडीवर गाठ असावी तसे दोन छोटे अवयव, म्हणजे माशी-डासांचा गण. शृंगिका लांब आणि अनेक भागांच्या असतील तर डास-चिलटांची बाजू, आखूड असतील तर माश्यांची. डास म्हणायचं असेल तर दोन पुरावे हवेत: डोक्यापेक्षा स्पष्ट लांब सोंड आणि पंखांच्या शिरांवर खवले. पिसासारख्या शृंगिका हा पुरावा नाही. नर डासाला त्या असतात, तशा कायरोनोमिड चिलटांच्या नरालाही असतात. पायाचा पहिला भाग लांब असेल तर बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांकडे बघा. त्यातही दोन्ही डोळे शृंगिकांच्या वर पुलासारखे जुळले असतील तर सायरिडी हे कुळ. पंख केसाळ आणि पतंगासारखे असतील तर सायकोडिडी कुळ. पाठ कुबडी, पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरा जाड आणि बाकीच्या अगदी फिकट असतील तर फोरिडी कुळ. खरे डास अंबरमध्ये दुर्मिळ आहेत, तेव्हा 'डास' हे नाव जितकं जड हाताने द्याल तितकं चांगलं.

सावधान: पंखांची एकच जोडी दिसते म्हणून माशीच असेल असं नाही. खवलेकिडीच्या नरालाही एकच जोडी असते, पण त्याच्या पंखात शिरा जवळजवळ नसतात आणि मागे बऱ्याचदा मेणाचे लांब धागे असतात. स्ट्रेप्सिप्टेरा या परजीवी कीटकांच्या गणातल्या नरात पुढचे पंख आखडलेले आणि मागचे पंख्यासारखे पसरलेले असतात. म्हणून ती गाठ पंखाच्या पुढे आहे की मागे, हे बघायला विसरू नका.

पंखांच्या दोन जोड्या असतील तर बारकाईने बघा. पुढचे पंख कठीण आणि पाठीवर सरळ रेषेत जुळलेले, तर भुंगेरा. तोंडाशी टोकदार चोच छातीखाली वळलेली, तर ढेकूण, तुडतुडे, मावा यांचा गण. माव्याच्या पोटावर मागे दोन छोट्या नळ्या दिसतात. चारही पंख झालरीसारखे केसाळ आणि अंग मिलिमीटर-दोन मिलिमीटर, तर फुलकिडे. पंखांवर खवले म्हणजे पतंग, केस म्हणजे कॅडिसफ्लाय, हा पतंगासारखाच दिसणारा वेगळा कीटक. बाल्टिक अंबरमध्ये कॅडिसफ्लाय पतंगांपेक्षा सहज भेटतात, तेव्हा 'पतंग' म्हणण्याआधी ४० पटीखाली एकदा बघाच.

मुंगी आणि वाळवी यांचा गोंधळ तर कायमचा. मुंगीला कंबरेवर एक किंवा दोन गाठी असतात आणि शृंगिका कोपरासारखी वाकलेली असते. वाळवीला कंबर नसते, शृंगिका मण्यांच्या माळेसारखी असते आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. हे पंख बुडाशी ठरलेल्या रेषेवर तुटतात. असे सुटे पंख पाकळ्या म्हणून वनस्पतींच्या यादीत जातात.

काचिनच्या अंबरला आजच्या ओळख-सूची पुरत्या लागू पडत नाहीत. तिथल्या हायडोमिर्मेक्ससारख्या मुंग्यांचे जबडे विळ्यासारखे वर वळलेले असतात. २०१८ मध्ये वर्णन झालेल्या किमेरारॅक्ने या कोळीसदृश प्राण्याला लांब शेपटी आहे. शिवाय तिथले अवशेष पुष्कळदा दाबले गेलेले असतात, त्यामुळे अंगाच्या प्रमाणांवर भिस्त ठेवू नका.

## टप्पा ८: वनस्पती

इथे अपेक्षा आधीच खाली आणा. बहुतेक वेळा मिळतात ते तुकडे: साल, लाकडाचे तंतू, केस, पानाचा कोपरा. त्यांचं पूर्ण नाव सांगता येत नाही आणि सांगायची गरजही नाही.

चांदणीसारखे, एका केंद्रातून फुटलेले बारीक केस दिसले तर ते बहुधा ओकचे. बाल्टिक अंबरमध्ये ते इतके सर्रास असतात की ठिकाण आणि अस्सलपणा या दोन्हींना त्यांचा आधार मिळतो.

शेवाळासारख्या फांदीत पानाच्या मधोमध शीर आहे का बघा. शीर असेल आणि पानं दांड्याभोवती सगळीकडून आली असतील तर मॉस. शीर नसेल आणि पानं ओळींत सपाट बसली असतील तर लिव्हरवर्ट (मॉससारखीच छोटी बिनफुलांची वनस्पती). शीर नसलेली मॉसही असतात, म्हणून दोन्ही खुणा जुळल्या तरच लिहा. सूचिपर्णी झाडांत सुया आहेत की खवल्यांसारखी एकमेकांवर बसलेली पानं, हे आधी नोंदवा.

बियांबाबत एक तपासणी कधीही चुकवू नका. दाणा टोकाकडून बघा. सहा बाजू आणि लांबीच्या दिशेने खोलगट पट्टे दिसले तर ती कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची विष्ठा आहे. असे दाणे सहसा ढिगाने आणि एकाच मापाचे सापडतात.

फूल मिळालं तर पाकळ्या, निदलं आणि पुंकेसर मोजा, ते सुटे आहेत की जोडलेले तेही लिहा, आणि तिथेच थांबा. बाल्टिक अंबरमधलं २८ मिमीचं प्रसिद्ध फूल १८७२ मध्ये स्टुअर्शिया या झाडाचं म्हणून वर्णन केलं गेलं. २०२३ मध्ये एव्हा-मारिया सॅडोव्हस्की आणि क्रिस्टा-शार्लोट हॉफमन या संशोधकांनी त्याचे परागकण काढून तपासले तेव्हा ते सिम्प्लोकॉस या वेगळ्याच झाडाचं निघालं. फूल एवढं स्पष्ट असूनही निर्णय परागकणांनी दिला.

## टप्पा ९: शेजारी बघा, पण गोष्ट रचू नका

एकाच तुकड्यात कोळी आणि माशी आहेत म्हणून 'शिकारीचा क्षण' होत नाही. आधी राळेच्या प्रवाहाच्या रेषा बघा. दोघं वेगळ्या थरांत असतील तर ते वेगवेगळ्या वेळी अडकले. एकाच थरात असले तरी संपर्क सर्व कोनांतून दिसायला हवा. वरून चिकटलेले वाटणारे दोन कीटक बाजूने बघितल्यावर काही मिलिमीटर दूर असल्याचं अनेकदा दिसतं.

## टप्पा १०: नाव कुठवर न्यायचं

आता नाव. प्रत्येक पायरीला स्वतःला विचारा: यासाठी लागणारी खूण मला दिसली आहे की असणार म्हणून धरली आहे? दिसली असेल तेवढंच खाली उतरा. गणापर्यंत नाव बहुतेक जणांना जमतं, कुळापर्यंत चांगल्या खिडकीतून जमतं, प्रजातीच्या पातळीवर त्या गटाच्या अभ्यासकाला विचारावं लागतं. आजच्या जिवंत जातीचं नाव जुन्या अंबरमधल्या कीटकाला दिलं जात असेल तर आधी टप्पा २ वर परत जा. कोपलमध्ये मात्र आजच्या जाती सापडणं स्वाभाविक आहे.

एकूण रूपावर विसंबल्याने तज्ज्ञही चुकतात. काचिनच्या अंबरमधली ऑक्युल्युडेंटाव्हिस ही कवटी मार्च २०२० मध्ये 'नेचर'मध्ये अगदी छोट्या पक्ष्याची म्हणून छापून आली. त्याच वर्षी जुलैमध्ये तो लेख मागे घेतला गेला, कारण प्राणी सरड्यांपैकी होता. चोच आणि मोठे डोळे पक्ष्यासारखे दिसत होते, पण हाडांचे तपशील वेगळंच सांगत होते.

नोंद अशी दिसावी: 'माशी-डासांचा गण, कुळ बहुधा सायरिडी. पुरावा: डोळ्यांचा पूल स्पष्ट, पंखाची शीर अर्धी दिसते. दिसत नाही: पायांवरचे काटे.' शेवटचं वाक्य सगळ्यांत जास्त वगळलं जातं, आणि पुढच्या तपासणाऱ्याला तेच सगळ्यांत जास्त लागतं.

## टप्पा ११: ठेवण

ग्लिसरीन कोमट पाण्याने धुऊन तुकडा टिपून घ्या. अंधारात, उष्णतेपासून दूर, सुमारे ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. उजेड आणि हवेमुळे अंबर लालसर होतं आणि पृष्ठभागावर जाळीदार तडे पडतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत ठेवा, म्हणजे एकमेकांना घासणार नाहीत. क्रमांक डबीच्या झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात. तो आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा आणि तोच क्रमांक वहीत, चित्रावर आणि फोटोच्या नावात ठेवा.